उपग्रहाच्या चित्रांवरून चक्रीवादळातलं कन्व्हेक्शन कसं मोजावं? थ्रेशोल्ड कोणता धरावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्याकडे एका चक्रीवादळाची भूस्थिर उपग्रहाने घेतलेली, दर अर्ध्या तासाची इन्फ्रारेड चित्रं आहेत. केंद्रापासून ३०० किमीच्या वर्तुळात उणे ७० अंश सेल्सिअसपेक्षा थंड असलेले पिक्सेल तुम्ही मोजले आणि त्या संख्येला ‘कन्व्हेक्शनचा जोर’ म्हटलं. मग ती वाऱ्याच्या वेगाशी ताडून पाहिली, तर आलेख जुळेना. वादळ झपाट्याने बळावत होतं तेव्हा थंड पिक्सेल जेमतेम होते, आणि सगळ्यात जास्त भरले ते वारा उतरणीला लागल्यावर. शिवाय रोज ठरावीक वेळी एक चढउतार दिसतो, त्याचा वाऱ्याशी काहीच मेळ लागत नाही. तेव्हा थ्रेशोल्ड (ज्याच्यापेक्षा थंड ते मोजायचं तो आकडा) उणे ६५ धरू, उणे ७५ धरू की उणे ८०, असं तुम्ही विचारलंय. शेवटी जाता जाता हेही, की हे सगळं सोडून चित्रं सरळ न्यूरल नेटवर्कला दिली तर?

थ्रेशोल्ड बदलून हे सुटणार नाही. पाहिजे तर तिन्ही आकडे लावून बघा. आलेख वरखाली सरकेल, आकार तोच राहील. अडचण आकड्यात नाही, मोजलेल्या गोष्टीत आहे. कन्व्हेक्शन हा एक वेग आहे: दमट हवा किती जोरात आणि किती प्रमाणात वर जातेय. तुम्ही मोजलंत ते त्या हवेने वर नेऊन ठेवलेलं बर्फ किती जागेवर पसरलंय ते. बंद खोलीत चूल पेटवली की धूर छताला लागून पसरतो, आणि चूल विझल्यावरही बराच वेळ तिथेच राहतो. वरून कोणी फक्त धुराचं क्षेत्रफळ मोजलं, तर त्याला आग सगळ्यात मोठी वाटेल ती नेमकी विझल्यानंतर. तुमच्या आलेखाचा उशिरा आलेला कळस बहुतांशी हाच आहे.

यामागचं भौतिक कारण थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. १०.८ मायक्रोमीटरच्या आसपासच्या ज्या चॅनेलची चित्रं तुम्ही वापरताय, त्या तरंगलांबीला जाड ढग जवळजवळ अपारदर्शक असतो. उपग्रहापर्यंत पोचणारं प्रारण ढगाच्या माथ्याच्या अगदी वरच्या थरातून येतं. त्याखाली दहा-बारा किलोमीटर उंचीचा जिवंत मनोरा उसळत असो, किंवा नुसता बर्फाचा थर तरंगत असो, माथ्याचं तापमान सारखंच दिसू शकतं. उष्ण कटिबंधात तपस्तब्धी, म्हणजे हवामान घडतं त्या खालच्या थराची वरची सीमा, साधारण १६-१७ किमीवर असते आणि तिथलं तापमान उणे ८० अंशांच्या आसपास असतं. वर गेलेली हवा तिथे अडते आणि आडवी पसरते. वादळाच्या डोक्यावर जी पांढरी तबकडी दिसते ती या पसरलेल्या हवेची. तिचा बराचसा भाग कित्येक तासांपूर्वी वर आलेला असतो.

आता पहिला प्रश्न मी तुम्हालाच विचारतो: तुम्हाला नक्की काय हवंय? ‘कन्व्हेक्शन’ म्हणून लोक चार वेगळ्या गोष्टी मोजतात. कोणाला पाऊस हवा असतो, कोणाला वर जाणाऱ्या हवेचं वस्तुमान, कोणाला मोडत-उठत राहणाऱ्या उंच मनोऱ्यांची संख्या आणि जागा, आणि कोणाला खरं तर वादळाची तीव्रता हवी असते, पण तो कन्व्हेक्शनच्या वाटेने तिकडे जाऊ पाहतो. पद्धत यावर ठरते. उपग्रह कोणता, वादळ कोणत्या समुद्रात, ते नवजात आहे की डोळा उघडलेलं, यावरही ठरते. म्हणून पुढे जे लिहितोय त्यातलं सगळंच तुमच्या वादळाला जसंच्या तसं लागू पडेल असं नाही.

पाऊस हवा असेल तर थंड पिक्सेल मोजण्याची परंपरा जुनी आहे, आणि तुमची पद्धत बहुधा तिथूनच झिरपत आलीय. १९८० च्या दशकात रूढ झालेल्या गोज प्रेसिपिटेशन इंडेक्समध्ये (गोज हे अमेरिकेचे भूस्थिर हवामान उपग्रह) २३५ केल्विनपेक्षा थंड ढगाखाली ताशी ३ मिमी पाऊस धरतात. इतकं साधं सूत्र चालतं कसं? कारण ते २.५ अंश बाय २.५ अंशांच्या चौकटीसाठी आणि लांब कालावधीच्या सरासरीसाठी केलेलं आहे. तेवढ्या पसाऱ्यात चुका एकमेकींना खातात. तेच सूत्र एका वादळाच्या एका चित्रावर लावलं की कोसळतं: डोळ्याच्या भिंतीत (केंद्राभोवतीच्या उंच ढगांच्या कड्यात) ताशी ३० मिमी पडत असेल आणि दोनशे किलोमीटर दूरच्या सिरसखाली (उंचावरच्या पातळ बर्फाळ ढगाखाली) शून्य, तरी दोन्हीकडे उत्तर ३ मिमी.

तीव्रता हवी असेल तर रस्ता वेगळाच आहे, आणि तो व्हर्नन ड्वोरॅक यांनी १९७० च्या दशकात आखून ठेवलाय. त्यांच्या पद्धतीत टी-क्रमांक, म्हणजे वादळाच्या तीव्रतेचा अंक, १ ते ८ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या पायरीने चढतो; ४.० म्हणजे ६५ नॉट, ८.० म्हणजे १७० नॉट. २०१३ च्या हैयान टायफूनला ८.० मिळाला होता. पण ड्वोरॅक पद्धत ढग किती थंड हे एकटं कधीच बघत नाही. ती आकृतिबंध बघते: वळणदार पट्टा केंद्राभोवती किती गुंडाळलाय, केंद्र थंड ढगाखाली किती आत गेलंय, डोळा किती उबदार आणि त्याभोवतीचं कडं किती थंड. थंडपणा हा त्या हिशेबातला एक घटक. तुमची पिक्सेलसंख्या आणि वारा यांचा मेळ बसत नाही याचं एक साधं कारण इथेच सापडतं. डोळा उघडला की मधले पिक्सेल एकदम उबदार होतात, तुमची संख्या घटते, आणि वादळ मात्र तेव्हाच सगळ्यात जोरात असतं.

माझा अंदाज असा, की तुम्हाला तीव्रता नकोय. ती मिळवायची हत्यारं तयार आहेत. तुम्हाला हवंय ते वादळाच्या आत ऊर्ध्वगामी हवा कधी आणि कुठे जोर धरते ते. तसं धरून पुढे लिहितो.

सुरुवात घरच्या मालापासून, म्हणजे तुमच्याकडे आहे त्या इन्फ्रारेड चित्रांपासून. त्यातून अजून बरंच काढता येतं.

आधी दोन दुरुस्त्या. पहिली, तुम्ही ब्राइटनेस तापमान (प्रारणावरून काढलेलं तापमान) वापरताय ना, की चित्राचा राखाडी रंग? प्रश्नात ते स्पष्ट नाही. मूळ फाइलमध्ये काउंट असतात आणि सोबत ते तापमानात बदलायचं कोष्टक असतं. तेच वापरा. संकेतस्थळावरून उतरवलेल्या रंगीत चित्रावरून तापमान उलटं काढायचा प्रयत्न पुष्कळ जण करतात. रंगपट्टीच्या थंड टोकाला त्यात पाच-पाच अंश सहज बुडतात, आणि तुमचं सगळं काम तर त्या टोकालाच आहे.

दुसरी दुरुस्ती पॅरॅलॅक्सची. भूस्थिर उपग्रह वादळाकडे तिरपा बघतो, त्यामुळे उंच ढग त्याच्या खऱ्या जागेवर दिसत नाही, उपग्रहापासून दूर ढकलल्यासारखा दिसतो. हिशेब सोपा आहे: ढगाची उंची गुणिले उपग्रहाच्या शिरोबिंदू कोनाचा टॅन्जंट. १५ किमी उंच माथा ४५ अंशांवरून पाहिला तर १५ किमी सरकतो, ६० अंशांवरून पाहिला तर जवळपास २६ किमी. ३०० किमीच्या वर्तुळात हे खपून जाईल. पण डोळ्याची भिंत केंद्रापासून ३० किमीवर असेल आणि तुमचे मनोरे २६ किमी सरकलेले असतील, तर तुम्ही भिंतीतला मनोरा डोळ्यात किंवा बाहेर नेऊन ठेवताय.

आता थ्रेशोल्ड. एकच आकडा सगळीकडे लावण्यापेक्षा तो तपस्तब्धीच्या तापमानाला बांधा. रीअ‍ॅनालिसिसमधून (निरीक्षणं आणि संगणकी प्रारूप जुळवून मागाहून तयार केलेल्या हवामान-नोंदींतून) वादळाच्या परिसरातलं, पण थेट वादळावरचं नाही, तपस्तब्धीचं तापमान घ्या आणि ढगाचा माथा त्याच्यापेक्षा किती वर-खाली आहे ते बघा. जिथे तपस्तब्धी उणे ७४ आहे तिथे उणे ७५ चा माथा म्हणजे खरोखर डोकं वर काढलेला ढग. जिथे ती उणे ८६ आहे तिथे तोच आकडा फार तर चांगल्यापैकी उंच ढग. टोकाचं उदाहरण हवं तर २९ डिसेंबर २०१८ चं घ्या. त्या दिवशी नाउरूच्या परिसरात एका गडगडाटी ढगाचा माथा उणे १११ अंशांपर्यंत थंड नोंदला गेला. ते काही चक्रीवादळ नव्हतं. तपस्तब्धी मुळातच अतिथंड होती आणि मनोरा तिच्याही वर घुसला होता. नुसत्या थंडपणावरून ताकद ठरवायची तर तो ढग भल्याभल्या टायफूनांना मागे टाकेल.

तपस्तब्धीच्या वर घुसणारे हे माथे, ओव्हरशूटिंग टॉप, तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचे आहेत. ते दिसतात याचा अर्थ त्या क्षणी खाली काहीतरी जिवंत आहे, कारण वरची हवा खालून ढकलल्याशिवाय तिथे टिकत नाही; जोर संपला की काही मिनिटांत माथा खाली बसतो. ओळखायच्या दोन खुणा. एक, आजूबाजूच्या तबकडीपेक्षा तो ठिपका ठळकपणे थंड असतो. वर घुसलेली हवा फुगून थंड होत जाते, त्यामुळे एक किलोमीटर वर गेलेला माथा शेजारच्या ढगापेक्षा सात-आठ अंशांनी थंड दिसायला हरकत नाही. म्हणून ‘उणे ७० पेक्षा थंड’ असं विचारण्याऐवजी ‘शेजाऱ्यांपेक्षा किती थंड’ असं विचारा. दुसरी खूण म्हणजे पाण्याच्या वाफेचं चॅनेल, ६ ते ७ मायक्रोमीटरमधलं. एरवी ते १०.८ च्या चॅनेलपेक्षा थंड असतं, कारण ते मधल्या-वरच्या थरातली वाफ बघतं. पण माथा तपस्तब्धीला भिडला की गणित उलटतं. माथ्याच्या वर, स्थितांबरातल्या, म्हणजे तपस्तब्धीच्या वरच्या थरातल्या, तुलनेने उबदार हवेत जी थोडी वाफ असते तिचं प्रारण मिसळतं आणि वाफेचं चॅनेल उबदार दिसू लागतं. वाफेच्या चॅनेलमधून १०.८ चं वजा केल्यावर फरक धन आला की समजावं, माथा टोकाला पोचलाय. नवख्याला ही खूण जादूसारखी वाटते. तरी तिच्यावर एकटीवर विसंबू नका. वादळाच्या मध्यावर मोठ्या सलग भागात हा फरक धन येतो, आणि तो सगळा भाग काही उसळत नसतो. दोन्ही खुणा एकत्र वापरल्या की बराच गाळ खाली बसतो.

इथे तुमच्या विदेची मर्यादा आडवी येते. ओव्हरशूटिंग टॉप साधारण पाच ते पंधरा किलोमीटर रुंद असतो आणि बरेचदा पाव तासाच्या आत विरतो. ४ किमीचा पिक्सेल आणि अर्ध्या तासाचं अंतर यात तुमच्या हाती त्यातले थोडेच लागतील, आणि लागतील तेही अर्धवट उबदार दिसतील. म्हणून जिथे जमेल तिथे दाट विदा मिळवा. जपानच्या हिमावारी मालिकेचे उपग्रह पूर्ण तबकडी दर १० मिनिटांनी आणि निवडक क्षेत्र दर अडीच मिनिटांनी टिपतात, इन्फ्रारेडमध्ये २ किमी बारकाव्याने. अमेरिकेच्या गोज-१६ आणि त्यापुढच्या उपग्रहांवर छोट्या चौकटीची मिनिटाला एक चित्रं मिळतात. इन्सॅट-३डी आणि ३डीआर यांच्या वेळा एकमेकींच्या मध्ये बसवलेल्या काळातली विदा असेल, तर दोन्ही मिळून १५ मिनिटांचं अंतर हाती येतं. मात्र दोन्ही उपग्रह वेगवेगळ्या रेखांशांवर असल्याने पॅरॅलॅक्स प्रत्येकाचा वेगळा काढावा लागतो. नाहीतर ढग दर पंधरा मिनिटांनी डावी-उजवीकडे डुलताना दिसतील.

यापुढची गोष्ट मला स्वतःला सगळ्यात उपयोगी वाटते, आणि ती तुम्ही आहे त्या विदेवर आज करू शकता. स्थिती मोजू नका, बदल मोजा. थंड ढगाचं क्षेत्रफळ किती, यापेक्षा ते किती वेगाने वाढतंय हे बघा. माथ्याशी पसरणारी हवा खालूनच आलेली असते, त्यामुळे पसरण्याच्या वेगावरून वर येणाऱ्या हवेचा अंदाज बांधता येतो. उदाहरण घेऊ. एका नव्या उद्रेकाचा थंड माथा अर्ध्या तासात १०,००० चौरस किमीवरून १३,००० वर गेला. १.३ चा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.२६, त्याला १८०० सेकंदांनी भागलं की सेकंदाला सुमारे १.५ × १०⁻⁴ एवढं अपसरण, म्हणजे पसरण्याचा दर, मिळतं. पसरणारा थर २ किमी जाड धरला, तर त्याच्या तळातून सरासरी ०.३ मीटर प्रतिसेकंद वेगाने हवा वर येत असली पाहिजे. ही सरासरी त्या अख्ख्या क्षेत्राची. प्रत्यक्षात हवा त्यातल्या समजा ५ टक्के भागातून वर चढत असेल, तर तिथला वेग ६ मीटर प्रतिसेकंद. समुद्रावरच्या मनोऱ्यांसाठी हा आकडा अगदी पटण्याजोगा आहे. थराची जाडी आणि ते ५ टक्के मी गृहीत धरले, हे विसरू नका. गृहीतक बदललं की आकडा बदलतो, पण एकाच वादळातल्या दोन वेळांची तुलना करायला तो पुरतो.

याची मर्यादाही सांगून टाकतो. ही युक्ती उद्रेक ताजा असताना चालते. पिकलेल्या वादळात तबकडीच्या कडेला बर्फ विरत असतं आणि मध्ये नवं येत असतं; क्षेत्रफळ स्थिर, आत उलाढाल मात्र प्रचंड. तिथे वाढ शून्य म्हणजे कन्व्हेक्शन शून्य असा अर्थ काढलात तर फसाल. तसंच माथ्याचं तापमान किती वेगाने उतरतंय ही खूण. जमिनीवरच्या वादळांच्या तातडीच्या अंदाजासाठी १५ मिनिटांत ८ अंश उतरण हे जोमदार वाढीचं लक्षण मानतात. माथा तपस्तब्धीला टेकेपर्यंतच ती कामाची, कारण त्यानंतर उतरायला जागाच नसते. कमी दाबाचं क्षेत्र नुकतं बांधलं जात असताना किंवा बाहेरच्या पावसाच्या पट्ट्यांत ती वापरा, मधल्या तबकडीत नको.

रोजच्या चढउताराबद्दल. ती तुमची चूक नाही, वादळाची खरी सवय आहे. खुल्या समुद्रावरचं खोल कन्व्हेक्शन साधारण उत्तररात्री ते पहाटे जोर धरतं, आणि त्याने वर नेलेलं बर्फ पुढे दुपारपर्यंत पसरत राहतं. चक्रीवादळांत तर जेसन डुनियन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की सूर्यास्ताच्या सुमारास गाभ्याजवळ एक थंड कडं उठतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शेकडो किलोमीटर बाहेर सरकत जातं. तुमच्या ३०० किमीच्या वर्तुळातून हे कडं रोज जातं, आणि तुमची संख्या रोज वर जाऊन खाली येते. उपाय म्हणून २४ तासांची सरासरी काढू नका. तिच्यात झपाट्याने बळावण्याचे सहा-आठ तास विरघळून जातात. त्यापेक्षा प्रत्येक वेळेची तुलना आदल्या दिवशीच्या त्याच वेळेशी करा.

आणि ते ३०० किमीचं वर्तुळ मोडा. वादळाच्या बळावण्याला कन्व्हेक्शन किती, याइतकंच ते कुठे हे महत्त्वाचं असतं. सर्वाधिक वाऱ्याच्या कड्याच्या आत सुटलेली अप्रकट उष्णता (वाफेचं पाणी-बर्फ होताना मोकळी होणारी) गाभा तापवते आणि दाब उतरवते. दोनशे किलोमीटर दूरच्या पट्ट्यात सुटलेली तीच उष्णता बरीचशी वाया जाते, कधी तर गाभ्याकडे जाणारी दमट हवा वाटेतच अडवते. तेव्हा निदान ० ते १००, १०० ते २०० आणि २०० ते ३०० अशी तीन कडी वेगळी मोजा. त्यांचे पुन्हा विंड शिअरच्या (उंचीनुसार वाऱ्यात होणाऱ्या बदलाच्या) दिशेनुसार चार भाग करा. शिअर जोराचा असला की कन्व्हेक्शन एका बाजूला ढकललं जातं. उत्तर गोलार्धात ते बहुतेकदा शिअरच्या दिशेने बघितल्यावर समोर-डावीकडे साचतं. तुमचं वादळ उतरणीला लागलं तेव्हा थंड पिक्सेल शिगेला होते, त्यात शिअरचा हात असण्याची मला दाट शंका आहे. एका बाजूला उद्रेक होतो, वरचा वारा ते बर्फ दूरवर पसरवतो, चित्रात भलंमोठं थंड छत्र दिसतं, आणि खाली केंद्र त्याच्या कडेला उघडं पडू लागलेलं असतं. शिअरची आकडेवारी काढून बघा, या एका गोष्टीने निम्मं कोडं सुटेल.

एवढं करूनही इन्फ्रारेडने छताखाली दिसणार नाही, ते नाहीच. त्यासाठी मायक्रोवेव्ह लागतो. ८५ ते ९१ गिगाहर्ट्झच्या आसपास पातळ सिरस जवळजवळ पारदर्शक असतो, पण मोठे बर्फकण, भुसभुशीत बर्फगोळ्या आणि गारा खालून येणारं प्रारण विखुरतात. मोठे कण हवेत तोलून धरायला जोरदार ऊर्ध्वगामी प्रवाह लागतो. म्हणून तिथे जे थंड दिसतं ते खऱ्या मनोऱ्याच्या बरंच जवळचं असतं. एक मेख आहे: समुद्राचा पृष्ठभागही मायक्रोवेव्हमध्ये थंडच दिसतो, त्यामुळे नुसतं तापमान बघून ढग आणि समुद्र यांत गल्लत होते. ती टाळायला उभ्या आणि आडव्या ध्रुवीकरणाची सांगड घालतात. रॉय स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ८५ गिगाहर्ट्झसाठी दिलेलं सूत्र असं: उभ्याचं तापमान गुणिले १.८१८, वजा आडव्याचं गुणिले ०.८१८. हे उत्तर २५० केल्विनच्या खाली गेलं की खोल कन्व्हेक्शनचा प्रदेश सुरू होतो, २२५ च्या खाली ते जोमदार मानतात. आता थ्रेशोल्डच हवा असेल तर हा घ्या. याला निदान भौतिक आधार आहे.

सोबत ३७ गिगाहर्ट्झचं चित्रही उघडा. ते बर्फाच्या खालचं द्रवरूप पाणी दाखवतं. केंद्राभोवती पावसाचं पूर्ण बंद कडं आधी तिथे उमटतं, आणि अनुकूल परिस्थितीत असं कडं झपाट्याने बळावण्याची आगाऊ सूचना ठरतं. इन्फ्रारेडमध्ये त्या वेळी नुसता सपाट थंड गोळा दिसत असतो. तुमच्या वादळाच्या त्या ‘जेमतेम पिक्सेल, वाढता वारा’ या टप्प्यात मला असंच काहीतरी सापडेल असं वाटतं: कमी उंचीचं, पण केंद्राभोवती सर्व बाजूंनी सारखं कन्व्हेक्शन. बळावायला ते एका बाजूच्या अतिउंच उद्रेकापेक्षा जास्त कामी येतं.

मायक्रोवेव्हची अडचण वेळेची. ही उपकरणं खालच्या कक्षेत फिरतात. एकाच वादळावर दोन चांगल्या फेऱ्यांत कित्येक तासांचं अंतर पडतं, आणि कधी पट्टा नेमका केंद्राच्या शेजारून जातो. एएमएसआर-२ आणि जीपीएम या पाऊस मोजणाऱ्या उपग्रहाचा जीएमआय यांची ८९ गिगाहर्ट्झची चित्रं चार-पाच किलोमीटरच्या बारकाव्याची असतात, जुन्या एसएसएम/आय घराण्यातली साधारण १५ किमीची. वेगवेगळ्या उपकरणांचे आकडे एका आलेखात टाकताना हे लक्षात ठेवा. ढोबळ पिक्सेलमध्ये मनोरा उबदार दिसतो, आणि तुम्हाला वाटतं कन्व्हेक्शन मंदावलं. तिरप्या नजरेमुळे इथेही पॅरॅलॅक्स आहेच.

खरं-खोटं करायला अंतराळातला रडार. ट्रॉपिकल रेनफॉल मेजरिंग मिशन म्हणजे टीआरएमएम नोव्हेंबर १९९७ मध्ये सुटला आणि २०१५ पर्यंत चालला. जीपीएमचा मुख्य उपग्रह फेब्रुवारी २०१४ पासून दोन वारंवारतांचा रडार घेऊन फिरतोय. ढगाचं उभं छेदचित्र मिळतं, मनोरा किती उंच हे विचारावं लागत नाही. टीआरएमएमच्या विदेवरूनच २००४ मध्ये दाखवलं गेलं, की डोळ्याच्या भिंतीत साडेचौदा किलोमीटरवर जाणारे पर्जन्याचे मनोरे आणि वादळाचं बळावणं यांचा संबंध आहे. पट्टा मात्र जेमतेम २४५ किमीचा, म्हणजे तुमच्या वादळाच्या अख्ख्या आयुष्यात केंद्रावरून एखादी फेरी मिळाली तरी नशीब म्हणायचं. ती मिळाली तर सोन्यासारखी जपा आणि इन्फ्रारेडमधल्या तुमच्या खुणा तिच्यावर तपासा. विजांबद्दल एवढंच, की डोळ्याच्या भिंतीत त्या एरवीही कमी असतात. वीज नाही म्हणून कन्व्हेक्शन नाही असं धरू नका.

तुमच्या जागी मी असतो तर क्रम असा ठेवला असता: आधी ब्राइटनेस तापमान आणि पॅरॅलॅक्स नीट करून सगळी चित्रं वादळाच्या केंद्राशी जुळवून घेणं, मग तपस्तब्धीच्या सापेक्ष माथा, शेजाऱ्यांपेक्षा थंडपणा आणि वाफेच्या चॅनेलचा फरक या तीन खुणांवरून जिवंत मनोरे निवडणं, ते तीन कड्यांत आणि शिअरच्या चार भागांत मोजणं, आणि जिथे मायक्रोवेव्हची फेरी आहे तिथे थांबून ताडून बघणं. वाऱ्याच्या आलेखाशी तुलना अगदी शेवटी, तीही सहा ते बारा तास पुढच्या वाऱ्याशी, कारण सुटलेल्या उष्णतेला वाऱ्यात उतरायला वेळ लागतो. तो उशीर नक्की किती हे वादळागणिक बदलतं. आणि ज्या ‘वाऱ्याशी’ तुम्ही ताडताय तो आला कुठून, हेही बघा. मोजणीचं विमान वादळात गेलेलं नसेल तर बेस्ट ट्रॅकमधला (वादळाच्या मार्गाच्या आणि तीव्रतेच्या अधिकृत नोंदीतला) वारा बऱ्याच अंशी ड्वोरॅक पद्धतीनेच, म्हणजे याच इन्फ्रारेड चित्रांवरून काढलेला असतो. मग जुळलं तरी त्याचा फार आनंद मानू नका.

राहिलं न्यूरल नेटवर्क. एका वादळाच्या चित्रांवर ते शिकवू नका. लागून आलेली दोन चित्रं जवळजवळ सारखीच असतात, त्यातलं एक शिकवायला आणि दुसरं तपासायला ठेवलंत की अचूकता डोळे दिपवणारी येईल आणि पुढच्या वादळावर शून्य ठरेल. विभागणी वादळानुसार करा, चित्रानुसार नको. आणि शिकवताना उत्तर म्हणून द्यायचं काय, हा प्रश्न आधी सोडवा. वारा दिलात तर ते ड्वोरॅकची नक्कल शिकेल. कन्व्हेक्शन शिकवायचं तर उत्तरं जीपीएमच्या रडारमधून किंवा ८९ गिगाहर्ट्झच्या चित्रांतून आणावी लागतील, म्हणजे पुष्कळ वादळांच्या, वेळ आणि जागा दोन्ही जुळणाऱ्या जोड्या गोळा कराव्या लागतील. पॅरॅलॅक्स तिथेही आधी काढावा लागेल, नाहीतर रडारमधला मनोरा आणि इन्फ्रारेडमधला मनोरा वीस किलोमीटर अंतरावर उभे राहतील आणि नेटवर्क ती चूकच इमानेइतबारे शिकेल.